कुणाच्याच मापाचं नाही

पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिस करायला आलेला मुलगा काम आटोपून बिल लिहीत बसला होता. समोर दिवाणावर माझं विणकाम पसरलेलं. तेव्हा ते जेमतेम निम्मं झालं होतं, पण निम्मं म्हणजेसुद्धा दिवाण झाकून वर जमिनीवर लोळेल एवढं. बिलाचा कागद माझ्या हातात देता देता त्यानं विचारलं, "काकू, हे एवढं मोठं कुणासाठी हो?" मी म्हटलं, "पलंगासाठी." मला वाटलं हसेल. तो हसला नाही. "पलंगासाठी व्हय," असं स्वतःशीच म्हणाला, ब्लँकेटचा एक कोपरा दोन बोटांत धरून चोळून बघितला आणि म्हणाला, "टोचत नाही की." मूळचा आटपाडीकडचा. त्याच्या आज्याचं घोंगडं होतं म्हणे, ते अंगाला लई टोचायचं. तरी थंडीत त्या घोंगड्यात शिरण्यावरून भावंडांची भांडणं व्हायची. एवढं सांगून तो पुढच्या कॉलला गेला.

मी सुई उचलली, पण ओळ काही पुढे सरकेना. उत्तर खोटं नव्हतं. ते पलंगासाठीच होतं. पण तोंडातून निघाल्यावर ते जरा उद्धट वाटलं, आणि जरा भकासही. आजवर जे काही विणलं त्याला कुणीतरी माणूस होतं. याला नव्हतं.

विणणाऱ्या बाईला हा प्रश्न नवा नाही. गाडीत, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही सुया बाहेर काढा, तिसऱ्या मिनिटाला शेजारची बाई वळून विचारते, "कुणासाठी?" भरतकाम करणारीला कुणी असं विचारत नाही. रांगोळी काढणारीला तर नाहीच नाही. लोकर दिसली की मात्र पलीकडे माणूस हवाच. आणि माझ्या वयाला आल्यावर या प्रश्नाला एक पुढचा तुकडा जोडला जातो, आवाज खाली आणून, "काही गोड बातमी का?" आमची लेक आणि जावई हैदराबादला असतात. मूल नको, हे त्यांनी ठरवलंय आणि आम्हाला नीट बसवून सांगितलंय. आम्हाला ते आता सवयीचं झालंय, म्हणजे त्याबद्दल न बोलणं सवयीचं झालंय. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी माझ्याकडची फिकी पिवळी लोकर पाहिली आणि म्हणाल्या, "बरं केलंत, हा रंग मुलगा झाला काय, मुलगी झाली काय, चालून जातो." मी हातांनी पाच फूट रुंदी दाखवली. त्या म्हणाल्या, "मग दुपट्यासारखं दुहेरी करता येईल." आशावादापुढे माणसानं किती बोलावं!

माझी आई विणायला बसण्याआधी वीत पसरायची. टेप घरात होती, शिवणाच्या मशीनच्या खणात होती, पण स्वेटरला माप विताचंच. पाठीवर तिचा अंगठा मानेच्या हाडाशी टेकायचा आणि करंगळी मणक्यावरून खाली सरकत यायची. मग पुढची वीत, मग वर चार बोटं "वाढीसाठी". अर्धा विणलेला भाग सुईसकट पाठीला लावून बघायची तेव्हा सुईचं गार टोक खांद्याला लागायचं आणि "हलू नकोस, टाके सुटतील" अशी तंबी मिळायची. धाकट्या भावाचं माप ती तो झोपला असताना घेई, कारण जागेपणी तो उभाच राहत नसे. स्वेटर तोकडा झाला की खालची बॉर्डर कापून, टाके उचलून, दुसऱ्या रंगाची पट्टी वाढवली जायची. माझा एक निळा स्वेटर खाली राखाडी, मग त्याखाली मरून असा तीन इयत्ता चालला होता. शाळेत त्यावरून चिडवायचे. घरी कपाटाच्या दाराला पेन्सिलीच्या खुणा नव्हत्या, पण माझी उंची त्या स्वेटरवर वाचता आली असती.

लडीचा गुंडा करायचा तेव्हा आम्हा मुलांपैकी एकाची पाळी लागायची. दोन्ही हात पुढे धरायचे, अंगठे वर, त्यात लडी अडकवायची आणि आई ओढेल तसतसे हात डावी-उजवीकडे झुकवायचे. पाच मिनिटांत दंड भरून यायचे. नाक खाजायला लागायचं ते नेमकं तेव्हाच. एक गुंडा संपून दुसरा जोडायचा झाला की आई गाठ मारत नसे. दोन्ही टोकं थोडी उकलून एकावर एक ठेवायची, त्यावर चक्क थुंकायची आणि तळहातांत जोरजोरात चोळायची. आम्ही ई ई करायचो. पण तो जोड पुन्हा शोधून सापडत नसे. मेंढीच्या लोकरीच्या तंतूंना अंगभर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत गुंततात. गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तोही याच कारणानं. आईला खवले माहीत नव्हते. थुंकी माहीत होती.

तिची सगळ्यात आवडती गोष्ट १९६२ ची. चीनच्या युद्धाच्या वेळी देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणत होत्या, त्यात ती होती. लग्नाआधीची गोष्ट. खाकीकडे झुकणारी हिरवी लोकर घरी यायची, सोबत छातीचं माप सांगितलेलं असायचं. अडतीस, नाहीतर चाळीस. बाकी काही नाही. नाव नाही, गाव नाही. "माझा जवान उंच होता," आई सांगायची, "म्हणून बाह्या मी दोन बोटं जास्तच ठेवल्या." तो उंच आहे हे तिला कुणी सांगितलं, असं आम्ही विचारायचो. ती उत्तर द्यायची नाही, हातातली ओळ पुरी करायची. वडील मात्र दर वेळी त्या उंच जवानावरून तिची फिरकी घ्यायचे. आता वाटतं, नुसत्या अडतीसवर तिला बाही घालताच आली नसती. मुंढा कुठे घटवायचा, गळा किती खोल ठेवायचा, हे ठरवायला कुणीतरी डोळ्यांपुढे उभं राहावंच लागतं. नसेल तर आपण उभं करतो.

मीही तशीच शिकले आणि तशीच विणत आले. लेकीचे, भाच्यांचे, एका जावेच्या जुळ्यांचे. मग हळूहळू मागणी संपली. कुणी तोंडावर नको म्हटलं नाही. "किती छान मावशी, एवढी मेहनत!" म्हणून फोटो पाठवायचे, त्या फोटोत ती वस्तू अंगावर असायची, आणि त्यानंतर कधीच नसायची. त्यांचं चुकलं असंही नाही. पुण्यात खरी थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, तेवढ्यापुरतं बाजारातलं हलकं, मशीनमध्ये धुता येणारं जॅकेट बरं पडतं. मला राग आला नाही, पण हातांना काम उरलं नाही. टीव्हीपुढे नुसतं बसता येत नाही मला, बोटं एकमेकांत अडकतात. तेव्हा ठरवलं की जिला गळा नाही, मुंढा नाही, बाह्या नाहीत अशी वस्तू करायची. पहिली बाही झाल्यावर तंतोतंत तशीच दुसरी करण्याचा जो कंटाळा असतो, तो ज्यांनी विणलंय त्यांनाच कळेल.

नुसतं सुलट. येताना सुलट, जाताना सुलट. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलं तर पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, पण कडा आत वळतात आणि एवढ्या मोठ्या वस्तूची चारही बाजूंनी सुरळी होते. सगळं सुलट विणलं की कापड सपाट पडतं, जाड होतं आणि दोन्ही अंगांनी सारखं दिसतं. लोकरही भरपूर खातं. हिशेब आधी कागदावर मांडला. जाड लोकर, पाच मिलिमीटरची सुई. आमच्या पिढीच्या भाषेत सहा नंबरची, कारण आमचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. आता पाकिटावर मिलिमीटर असतात, तिथे आकडा वाढला की सुई जाड. दुकानात तरुण विक्रेती आणि मी बराच वेळ दोन वेगळ्या सुयांबद्दल बोलत होतो. तर दहा सेंटिमीटरला १६ टाके, ३२ ओळी. दीड मीटर रुंदीला २४० टाके. दोन मीटर लांबीला ६४० ओळी. गुणाकार केला तर १,५३,६०० टाके. मिनिटाला तीस टाके धरले तर निव्वळ विणायचे ८५ तास, त्यात फोन, दूध उतू जाणं आणि चुकीच्या वेळी वाजणारी बेल धरलेली नाही. लोकर दीड किलोच्या आसपास. कागद नवऱ्याला दाखवला. तो हिशेबाचा माणूस. त्यानं गुणाकार तपासला, बरोबर आहे म्हणाला आणि पेपर वाचायला लागला.

लोकर घ्यायला तुळशीबागेत गेले तर हव्या त्या रंगाची दीड किलो एका लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, मिळेना. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखे दिसतात आणि घरी उन्हात नेले की वेगळे. दोन्ही लॉट घेतले आणि मधल्या भागात दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या असं विणत गेले, म्हणजे बदल एका रेषेत उठून दिसत नाही. सरळ सुयांवर २४० टाके मावत नाहीत, मावले तरी सगळं वजन मनगटांवर येतं. म्हणून दोन टोकांना वायरनं जोडलेली सुई. तिच्यावर काम मांडीत बसतं.

मांडीत बसतं हा वाक्प्रचार नाही, तक्रार आहे. सुरुवातीला वीतभर पट्टी होती तोवर ठीक होतं. पुढे ते एवढं वाढलं की प्रत्येक ओळीच्या शेवटी अख्खं उचलून फिरवावं लागायचं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, नाहीतर धागा स्वतःभोवती पीळ खात बसतो. एप्रिल-मे मध्ये पंखा पाचवर, खिडकीला पडदे, आणि मी मांडीवर किलोभर लोकर घेऊन बसलेली. गुडघ्यांच्या मागे घाम साचायचा, बोटं चिकट व्हायची आणि टाके सुईवरून सरकायला कुरकुरायचे. हातांना टाल्कम पावडर लावून विणलं मी. जून उजाडल्यावर कामाला जरा गती आली, आणि मग घरातल्या आजारपणात ते भिजत घोंगडं होऊन कोपऱ्यात पडून राहिलं.

पडून राहिलं असंही म्हणता येणार नाही. आजारपण नवऱ्याचं, हृदयाचं. ऑपरेशन झालं, घरी आला, सगळं नीट आहे. पण घरी आल्यावरच्या रात्री मी जागी असायची आणि त्याच्या श्वासाकडे कान देऊन अंधारात विणायची. सुलट विणायला उजेड लागत नाही, बोटांना टाका कळतो. आई सांगायची, रागात विणू नये, टाके आवळतात. भीतीत त्याहून जास्त आवळतात. ब्लँकेट आज पसरलं की मध्यावर ते दोन्ही बाजूंनी चार बोटं आत गेलेलं दिसतं, त्याला कंबर आलीय. टाके मोजले, पुरे २४० आहेत. उसवावं का, असा प्रश्न होता. दोन सुयांचं विणकाम हे सगळं एकाच धाग्याचं असतं, टोक ओढलं की ओळीमागून ओळ सरसर सुटत येते, आणि त्या सुटण्यात एक वाईट खोडकर आनंद आहे हे मी नाकारणार नाही. पण वरच्या शंभर ओळी उसवल्याशिवाय कंबरेपर्यंत पोचता आलं नसतं. तशीच ठेवली. पलंगाला काय, कंबर असली काय, नसली काय.

मैत्रिणींना याची एक वेगळीच आवृत्ती हवी होती. घरातले जुने स्वेटर उसवून त्यांचं एक ब्लँकेट कर, आठवणींचं, असं तिघींनी तरी सुचवलं. आईचं मरून कार्डिगन माझ्याकडे आहे. कसर लागून कोपराशी विरलं होतं, म्हणून मी ते खरंच उसवलं. कुरळा झालेला धागा धुवून, खाली वजन लटकवून सरळ केला. त्याचं टोक निरांजनाच्या ज्योतीत धरलं तर केस जळल्याचा वास आला आणि चिमटीत धरल्यावर राख भुसभुशीत झाली, म्हणजे अस्सल लोकर. माझ्या पिवळ्या धाग्याचं टोक धरलं तर ते वितळून कडक मणी झालं, म्हणजे अ‍ॅक्रिलिक. बाजारात आपण ज्याला सरसकट लोकर म्हणतो त्यातली बरीचशी अशीच असते. आता हे दोन एकत्र विणले तर पहिल्या-दुसऱ्या धुण्यात आईचा भाग आटणार आणि माझा नाही, आणि मधोमध ओढाताण दिसत राहणार. यावर मैत्रीण म्हणाली, "अगं, पण भावना!" भावना असतील, पण धुवायचं मलाच आहे. मरून गुंडे डब्यात डांबरगोळ्या घालून ठेवलेत. त्यांचं काही करायचंच असं नाही.

त्या मुलाचं "टोचत नाही की" मात्र मला पटलं होतं. त्याला लोकर म्हणजे दख्खनी मेंढीची, जाड, केसाळ. धनगरांनी वर्षातून दोनदा कातरायची, घरच्या बायकांनी पिंजून-कातून द्यायची, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणायची आणि चिंचोक्याची खळ पाजून घट्ट करायची. काळा रंगही मेंढीचाच. आपल्याकडे लोकर या सुयांच्या आधी कितीतरी जुनी आहे. दोन सुयांचं विणकाम मिशनच्या शाळांतून आणि साहेबांच्या बायकांकडून आलं, घोंगडं इथलंच. लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही, म्हणून तर पावसात घोंगड्याची खोळ करून माणसं रानात उभी राहायची. पाठीवर पाऊस आणि आत कोरडं, दिवसभर. माझं ब्लँकेट पावसात नेलं तर त्याचा चिखल होईल. आज त्या मेंढीच्या लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, कित्येक ठिकाणी ती फेकून देतात, आणि मेंढपाळांचा कल मांसासाठी माडग्याळ जातीकडे वळलाय. त्याच वेळी मी तुळशीबागेतून प्लास्टिकच्या धाग्याचे दीड किलो गुंडे विकत आणते आणि त्याला लोकर म्हणते. यात विनोद आहे, पण तो मला फारसा हसवत नाही. आटपाडीच्या माणसाला तो जास्त कळला असावा.

घोंगड्याचंही एक आहे, ते कुणा एकाच्या मापाचं नसतं. अंथरायचं, पांघरायचं, त्यावर पंगत बसवायची, त्यात पोतं भरायचं. ते कुणासाठी, असं कुणी विचारत नाही, कारण ते घराचं असतं. माझं तसं नाही. मी एकटीनं, एका खुर्चीत, न मागितलेलं विणलं. २०१६ च्या जानेवारीत चेन्नईत बायकांनी घरोघरी क्रोशाचे चौकोन विणून, ते जोडून जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं, ११,१४८.५ चौरस मीटर, गिनीजमध्ये नोंद झाली. पण त्यांचंही नंतर गरजूंना वाटायचं हे आधीपासून ठरलेलं होतं. म्हणजे एवढ्या अजस्र वस्तूलासुद्धा शेवटी माणसं होती. मी लेकीला फोनवर म्हटलं, तुला हवं का? ती म्हणाली, "हैदराबादला? आई!" मग थोडं थांबून, "पण कुणाला देऊ नकोस हं." आता याचा अर्थ काय लावायचा?

टाके बंद केले ते एक नंबर जाड सुईनं, सैल हातानं, नाहीतर शेवटची कड आवळून सगळ्याला चुणी पडते. टोकं बोथट सुईनं आत ओवायला दोन दुपारी गेल्या. धुतल्यावर दोरीवर टाकता येत नाही, ओल्या वजनानं ओघळून लांब होतं, म्हणून गच्चीत चटईवर आडवं वाळवलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी पापड काढायला वर आल्या, बघून म्हणाल्या, "अरे वा, झालं की! आता मुलीला म्हणावं…" आणि वाक्य तिथेच सोडून पापड मोजायला लागल्या.

पलंगावर टाकलं तर दुहेरी पलंगाला ते दोन्ही अंगांनी अपुरं पडतं. पलंग सहा फुटी, ब्लँकेट पाच. पलंगासाठी म्हणून विणलेलं पलंगाच्या मापाचंही नाही. नवरा दुपारचं वामकुक्षीला ते घेतो, एसी अठरावर ठेवून, वर विजेच्या बिलाबद्दल बोलतो. त्याचं म्हणणं, लांबीला आहे ते ठीक, रुंदीला आणखी वीतभर हवं होतं, कुशीवर वळलं की पाठ उघडी पडते. पाठ उघडी पडते हे सांगताना तो मला पाठ करून दाखवतो. मी सांगितलं, टाके बंद झालेत, आता काही होणार नाही. खरं तर कडेचे टाके उचलून दोन्ही बाजूंना हवं तेवढं वाढवता येतं, अगदी कंबर दिसणार नाही इतकं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.